नोंदवहीतील एक शब्द

शाळेत असता भूगोलाच्या तासाला आम्ही पाठ केले होते, की चोहोंकडून पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात. पुढे परिचारिकेचे शिक्षण घेऊन आम्ही उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात नेमणुकीवर आलो, तेव्हा समुद्रापासून दूर, दाट अरण्यातही बेटे असतात हे आम्हांस कळले. ही बेटे कोणत्याही नकाशात दाखविलेली नाहीत. ती मृगाच्या पावसाबरोबर उगवतात आणि दसऱ्याच्या सुमारास मावळतात.

काळी नदी ह्याच तालुक्यात दिग्गी गावाजवळ उगम पावते. तिला मिळणारे ओढे उन्हाळ्यात गुडघाभरही नसतात. आषाढात मात्र त्यांच्यात पाय घालण्याची धडधाकट पुरुषासही छाती होत नाही. गावकरी त्यांवर लाकडांचे साकव घालतात. एखाद्या रात्रीच्या पुराने साकव नेला, की पलीकडची आठ-दहा घरे जगापासून तुटतात. त्यातच १९८७ साली पूर्ण झालेल्या १०१ मीटर उंचीच्या सुपे धरणाने जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि बुडालेल्या गावांतील पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसविली गेली.

आमचे उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक बाळंतपणाचे टेबल, एक कपाट आणि नोंदवह्यांचा ढीग. डोंगराळ मुलखात ३,००० वस्तीमागे असे एक उपकेंद्र असावे, असा सरकारी नियम आहे. पण ती वस्ती किती टेकड्यांवर पसरलेली असावी, ह्याविषयी नियम काही बोलत नाही. लोक आम्हांस ‘सिस्टर’ म्हणतात. हा शब्द ऐकून आमच्या वाचकांस मठातील भगिनी आठवतील. पण आम्ही व्रतस्थ नव्हे, साध्या संसारी परिचारिका आहोत. म्हाताऱ्या बायका तर आम्हांस सरळ ‘बाय’ म्हणूनच हाक मारतात, आणि परतताना पदराखालून एखादा कंद काढून पिशवीत घालतात.

लस टोचण्याच्या दिवशी बर्फाच्या चार पिशव्या घातलेली पेटी खांद्यास लावून निघावे, वाटेत पायांस चिकटलेल्या जळवा काढीत जावे, आणि सायंकाळी उरलेली लस थंड असतानाच परत पोहोचवावी, हा आमचा नित्यक्रम. कोणास सर्पदंश झाला, तर आमच्या कपाटात प्रतिविष नसते. जे इस्पितळात मिळते, तेही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चौघांवरच चालते. झाडीतल्या चापड्यावर नव्हे. म्हणून दंशाचा अवयव हलू न देता रोग्यास तत्काळ पुढे धाडणे, हाच येथला पहिला उपचार. बांबूस कांबळे बांधून झोळी करावी, आणि चौघांनी ती खांद्यावर घेऊन रस्ता गाठावा. खरे पाहता आमच्या हाती औषधे थोडी आहेत. आमच्या हाती आहे ती वेळ, आणि ती सांभाळणे हेच आमचे काम.

हे आम्ही कसे शिकलो, ते सांगावयाचे आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. ओढ्यापलीकडच्या एका घरातील सून तिसऱ्या वेळी गरोदर होती. जूनच्या आरंभी आम्ही तिला तपासले. तिच्या सांगण्यावरून दिवस ऑगस्टअखेर भरणार होते. परंतु पोटावर हात ठेवताच गर्भ मोजणीपेक्षा मोठा वाटला, आणि आम्ही तसे लिहूनही ठेवले. रस्त्याजवळ राहणाऱ्या मावशीकडे तिने लवकर जाऊन राहावे, असे आम्ही सुचविले. सासू म्हणाली, “लावणी आटपू दे, बाय. मग धाडते.” सून खाली मान घालून उभी होती. आभाळ भरून आले होते, आणि आम्हांस आणखी दोन घरे गाठावयाची होती. आम्ही नोंदवहीत एकच शब्द लिहिला: ‘सांगितले’. आणि निघालो.

जुलैच्या मध्यास, रात्रभर पाऊस कोसळल्यावर सकाळी तिचा नवरा ओढ्याच्या पलीकडल्या तीरावरून ओरडू लागला. साकव वाहून गेला होता. पाण्याच्या गर्जनेत त्याचा एकही शब्द कळेना. दोन्ही हात उंच करून तो घराकडे दाखवी. पाणी उतरण्यास दुपार झाली. दोर धरून आम्ही आणि आशाताई पलीकडे पोहोचलो, तेव्हा मूल जन्मून चार घटका झाल्या होत्या. मूल चांगले पोसलेले, पूर्ण दिवसांचे होते. आई मात्र रक्तस्रावाने पांढरी पडली होती.

अशा वेळी काय करावे, ते आम्हांस ठाऊक होते आणि आम्ही ते केले. गर्भाशय चोळून घट्ट केले, मिसोप्रोस्टॉलच्या तीन गोळ्या दिल्या, तिला कांबळ्यांत गुंडाळले. गोळ्या मूल जन्मल्यावर लगेच द्यावयाच्या होत्या, आम्ही उशिरा दिल्या. झोळी ओढ्याच्या अलीकडे आली तेव्हा तिने विचारले, “गाडी दिसते का?” आम्ही होय म्हणालो. गाडी दिसत नव्हती. ती रस्त्यावर पोहोचण्याआधीच गेली.

त्या घराने आम्हांस एका शब्दानेही बोल लावला नाही. बाराव्या दिवसानंतर आम्ही मुलास पाहावयास गेलो, तेव्हा सासूने पाट दिला, चहा दिला. तो चहा आमच्या घशाखाली उतरेना. आमच्या नोंदवहीत आमच्या बचावाचा शब्द होता, तारखेसह आणि सहीसह. वरिष्ठांनी वही पाहिली आणि आमचे काम नियमानुसार आहे असे ठरविले. आम्ही मात्र तो शब्द वाचला, की जे सांगितले ते पोहोचले होते का, हाच प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो.

त्या दिवसांत आम्हांस स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा नावाच्या एकाकी बेटाची हकीकत वाचावयास मिळाली. एकोणिसाव्या शतकात तेथे जन्मणाऱ्या निम्म्याहून अधिक बालकांस आठवडाभरात धनुर्वात होई आणि ती दगावत. शिकलेली परिचारिका तेथे पाठविली गेली, तरी बायकांचा ओढा जुन्या रीतीकडेच राहिला. अखेर अँगस फिडिस नावाच्या तेथील धर्मोपदेशकाने ग्लासगोस जाऊन बाळंतपणाची निर्जंतुक पद्धती शिकून घेतली आणि चिकाटी धरली, तेव्हा १८९० नंतर ते बालमृत्यू थांबले. औषधाच्या मागून विश्वास पोहोचण्यास तेथे कित्येक वर्षे लागली. आपल्या देशातही नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले, ते केवळ लसीच्या बळावर नव्हे. दारोदार पुन्हा पुन्हा जाणाऱ्या पायांच्या बळावर.

तेव्हापासून आम्ही ‘सांगितले’ हा शब्द लिहिणे सोडले. आता मे महिन्यात, पाऊस येण्याआधीच, प्रत्येक गरोदर बाईच्या ओसरीवर आम्ही बसतो. सासू, नवरा आणि ती स्वतः समोर असल्यावाचून उठत नाही. कोणत्या तारखेस ती रस्त्याजवळ जाणार, कोणाच्या घरी राहणार आणि तिच्यामागे तिच्या वाट्याची लावणी व गुरे कोण पाहणार, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून घेतो. तिसरा प्रश्न आम्हांस पूर्वी सुचलाच नव्हता. आणि बहुतेक बायका त्याच्यापायीच अडकून राहतात. आडगावी असलेल्या आशाताईजवळ त्या तीन गोळ्या आधीच ठेवतो. मूल जन्मल्यावर आणि पोटात दुसरे मूल नाही ह्याची खात्री केल्यावरच त्या द्यावयाच्या, जन्माआधी कधीही नव्हे, हे तिच्याकडून वदवून घेतो.

गेल्या वर्षी त्याच घरातील धाकटी सून गरोदर होती. आम्ही जाण्याआधीच सासू तिला घेऊन उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली होती. “लावणीला माणसे लावली आहेत,” एवढेच ती म्हणाली. तिच्या मागे थोरल्या सुनेचा मुलगा शाळेची पिशवी घेऊन उभा होता.

वाचकहो, हे लिहिण्याचे कारण एवढेच. आपणांपैकी कित्येकांची घरे रस्त्यालगत, इस्पितळाच्या टप्प्यात आहेत. आणि आपणांपैकी कोणाची तरी भाची, चुलत बहीण, मेव्हणी ह्या पावसाळ्यात ओढ्यापलीकडे दिवस मोजीत असेल. तिने मागण्याची वाट पाहू नका. मागावयास तिला संकोच वाटतो. तुमच्या घरातील एक खोली, नाहीतर एक कोपरा, महिनाभरासाठी तिला द्या. आणि “ये” असा निरोप धाडून थांबू नका. पाणी चढण्यापूर्वी स्वतः जाऊन तिला घेऊन या.