आंप्लप्वीचा साखळी टाका

फ्रान्समधील लियों शहरातून वायव्येकडे निघालेली लहान आगगाडी तारार हे गाव मागे टाकून बोजोलेच्या डोंगराळ मुलखात शिरते. तारारची मलमल एकेकाळी प्रसिद्ध होती आणि आसपासच्या खेड्यांतील स्त्रिया घरी बसून तिच्यावर भरतकाम करीत. याच मार्गावर आंप्लप्वी हे छोटे गाव लागते. येथे शिलाई यंत्रांचे आणि सायकलींचे एक संग्रहालय असून ते बार्तेलमी तिमोनिए या शिंप्याच्या नावाने ओळखले जाते.

तिमोनिएचा जन्म 1793 मधला. बालपण याच गावात गेले आणि पुढे तो शिंपीकाम करू लागला. भरतकाम करणाऱ्या स्त्रियांच्या हातातील आकडीची सुई त्याने पाहिली होती. कच्छचे कारागीर आरीने जे काम करतात, तेच ही सुई करते. दोरा कापडाखाली असतो. आकडी वरून खाली जाते, दोऱ्याचा फास पकडून वर आणते आणि त्या फासातूनच पुन्हा खाली उतरते. अशी साखळी गुंफली जाते. ही हाताची क्रिया यंत्राकडून करवून घ्यावी, या एकाच विचाराने तिमोनिएला झपाटले. पुढे सेंत एतिएन येथे राहत असताना त्याने ते यंत्र सिद्ध केले. ओग्युस्त फेराँ याच्या साहाय्याने 1830 मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले.

आजच्या शिलाई मशीनची सवय असलेल्या डोळ्यांना हे यंत्र विलक्षण वाटते. त्याची चौकट लाकडी आहे. पायाखालची फळी दाबली की उभी सुई खाली येते. सुईच्या टोकाशी नेढे नाही, आकडी आहे. दोरा वरच्या रिळातून न येता खालून येतो, म्हणून साखळीची वीण कापडाच्या वरच्या अंगास उमटते. बॉबिन नाही, दुसरा दोराही नाही. सारी शिवण एकाच दोऱ्यावर उभी आहे. हेच तिचे वैशिष्ट्य आणि हेच तिचे वैगुण्य. शेवटचा फास पक्का केला नाही, तर टोक ओढताच सगळी शिवण सरसर उसवते.

1831 मध्ये पॅरिसच्या रू द सेव्र या रस्त्यावर अशी सुमारे 80 यंत्रे सैनिकांचे गणवेश शिवू लागली. तेव्हा हाताने शिवणाऱ्या शिंप्यांना आपल्या पोटावर पाय येणार अशी धास्ती वाटली. संतप्त जमाव कारखान्यात घुसला आणि त्याने यंत्रांची मोडतोड केली. विरोधाभास असा, की यंत्र घडवणाराही शिंपीच होता आणि ते फोडणारेही शिंपीच होते. दोघांनाही चिंता होती ती चुलीचीच.

तिमोनिएने हार मानली नाही. त्याने यंत्रात सुधारणा केल्या, 1848 मध्ये इंग्लंडचे आणि 1850 मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळवले. परंतु तोवर अमेरिकेत इलायस हाउ आणि आयझॅक सिंगर यांनी दोन दोऱ्यांच्या, न उसवणाऱ्या टाक्याची वाट धरली होती. बाजार त्यांच्याकडे गेला. 1857 मध्ये तिमोनिए आंप्लप्वी येथेच निर्धन अवस्थेत मरण पावला.

त्याच्या यंत्राला बाजारात जागा मिळाली नाही. साखळी टाक्याला मात्र मिळाली. धान्याच्या आणि साखरेच्या पोत्यांची तोंडे आजही या टाक्याने शिवली जातात. दुकानातील नवखा मुलगा पोत्याशी झटापट करीत बसतो. जाणता हमाल नेमके टोक हेरतो, एक हिसका देतो आणि पोत्याचे तोंड क्षणात मोकळे होते. अंगरख्यात जे वैगुण्य ठरले, तेच पोत्यात सोयीचे झाले. आंप्लप्वीच्या त्या लाकडी चौकटीसमोर उभ्या राहणाऱ्या व्यापाऱ्याला हा टाका परका वाटणार नाही. त्याच्या पेढीवर तो रोजच उसवला जातो.