मोत्या आणि नसलेलं विमान

हाटपिपल्याबद्दल लिहायचं म्हटलं की बहुतेक जण हाटाबद्दल, शाळेबद्दल, नाहीतर आपल्या गावचे माजी मुख्यमंत्री कैलाश जोशी यांच्याबद्दल लिहितात. मी आमच्या मोत्याबद्दल लिहिणार आहे, आणि विमानाबद्दल. दोन्हींचा संबंध आहे, जरा धीर धरा.

मोत्या म्हणजे शेतावरचा कुत्रा. हरभरा उभा असला की रात्री रोजडे यायचे (पुण्याकडचे लोक नीलगाय म्हणतात). मोत्या भुंकला की काका काठी-कंदील घेऊन उठायचे, आणि दहातल्या सात वेळा बाहेर काहीच नसायचं. वारा, नाहीतर कोल्हं. एका थंडीत काका इतके वैतागले की मोत्याला गावातल्या घरी आणून बांधला. माई, म्हणजे आमची आजी, एवढंच म्हणाली, "तो का भुंकला ते नंतर विचार रे. आधी उठ."

मी दहावीत असताना, १२ नोव्हेंबर १९९६ ला, हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं आणि कझाकस्तानचं विमान आकाशात धडकलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. त्यानंतर आपल्याकडे विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. पुढे मी वैमानिक झालो आणि त्याच यंत्राशेजारी बसू लागलो. त्याला आम्ही टीकॅस म्हणतो. ते आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरला सतत हाक मारतं आणि उत्तरावरून अंतर, उंची काढतं. आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" म्हणतं. तरीही जवळीक वाढली तर "क्लाइंब" किंवा "डिसेंड" असा थेट हुकूम. मग ऑटोपायलट काढायचा आणि पाच सेकंदांत हात हलवायचा. कंट्रोलर उलटं सांगत असला तरी यंत्राचंच ऐकायचं. २००२ मध्ये जर्मनीत युबरलिंगेनवर एका विमानाने कंट्रोलरचं ऐकलं, दुसऱ्याने यंत्राचं. दोन्ही खाली आली. ७१ जण गेले.

पण यंत्र कधी नसलेल्याला बघूनही ओरडतं. खाली हँगरमध्ये कोणी ट्रान्सपाँडर तपासत असेल आणि खोटी उंची लावून तो चालू ठेवला असेल, तर वरच्याला वाटतं, समोर विमान आहे. १ मार्च २०२५ ला वॉशिंग्टनला उतरणाऱ्या कितीतरी विमानांना असे इशारे आले. ड्रोनविरोधी यंत्रांच्या चाचणीमुळे ते झालं, असं पुढे सिनेटच्या सुनावणीत निघालं. तेही त्याच विमानतळावर, जिथे महिनाभर आधी खऱ्या टकरीत ६७ माणसं गेली होती.

माझ्यावर तशी पाळी आली तेव्हा मी को-पायलट होतो, विमान माझ्या हातात होतं. स्वच्छ रात्र, उतरताना साधारण सात हजार फूट. "क्लाइंब, क्लाइंब!" मी नाक उचललं. मागे केबिनमध्ये ट्रॉली आवरत असलेली मुलगी पडली, मनगट मोडलं. कंट्रोलर म्हणाला, तुमच्या जवळ कोणीच नाही. खिडकीतूनही कोणी दिसलं नाही. चौकशीत खालच्या चाचणीचाच संशय निघाला. चूक माझी नव्हती, कागदावर तर शाबासकीच होती. पण दवाखान्यात ती मला म्हणाली, "सर, सचमुच प्लेन था ना?" मी हो म्हणालो. तेव्हा मला अजून नक्की कळलेलं नव्हतं, असं स्वतःला सांगतो. खरं म्हणजे अंदाज आला होता.

पाच-सहा महिन्यांनी पुन्हा तोच आवाज. या वेळी "डिसेंड". आणि माझ्या मनात आलं, परत भूतच असेल. त्या मुलीचा हात डोळ्यांसमोर आला. हात माझा हललाच नाही. कॅप्टन ओरडले, "क्या कर रहे हो, नीचे लो!" तेव्हा कुठे हललो. मग वरून दिवे गेले, एक लाल, एक पांढरा, चांगले मोठे. किती सेकंद गेले ते रेकॉर्डरला ठाऊक. बराच वेळ कॉकपिटमध्ये कोणी बोललं नाही.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा ओट्यावर बसून काकांना सगळं सांगितलं. यंत्रबिंत्र त्यांना किती कळलं कोण जाणे. म्हणाले, "मोत्याला घरी बांधलं होतं ना, त्याच रात्री सगळा हरभरा गेला. तू लहान होतास, तुला कोणी सांगितलं नसेल." मग बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"त्या पोरीचा हात बरा झाला का?"

"झाला."

"तिला खरं सांगितलंस?"

तिला मराठी येत नाही, त्यामुळे हे ती वाचणार नाही. हिंदीत पत्र लिहायला दोनदा बसलोय. पहिल्या दोन ओळी झाल्यात.