मृगातले तांबडे

काळोखालाही प्रत असते. कोरेगावातून पश्चिमेला पाहिले की सातारच्या दिव्यांचा पिवळट उजेड क्षितिजावर चढलेला दिसतो. खटाव-माणच्या अंगाला मात्र अजून बऱ्यापैकी जुना, दाट काळोख शिल्लक आहे. आकाशाचे फोटो काढू लागल्यापासून मी रात्रीकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू लागलो आहे.

आपल्याकडे मृग म्हटले की पेरणी आठवते. गंमत अशी, की पेरणीच्या मृगात मृग दिसतच नाही. सूर्यच तिथे मुक्कामाला असतो. ते पाहावे पौष-माघात. पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका असतो. तो तारा नव्हे, सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षे दूरचा तेजोमेघ. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली वेधशाळा उभारणारे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी याच मेघाचा वर्णपट अभ्यासला होता. त्यांची वीस इंची दुर्बीण १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनालला गेली. माझी दुर्बीण तीन इंचांहून थोडी मोठी. पण मेघ तोच!

त्या मेघातला हायड्रोजन तांबडा प्रकाश देतो, ६५६ नॅनोमीटरचा. अंधारात आपल्या डोळ्याला हा रंग जवळजवळ दिसतच नाही. आणि नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरसमोर जो फिल्टर असतो, तो माणसांच्या कातडीचा रंग नीट यावा म्हणून नेमका हाच प्रकाश बराचसा अडवतो. तो फिल्टर काढला तर आकाश खुलते, पण माणसे बिघडतात. सगळे चेहरे तांबूस येतात.

कॅमेरा माझ्या काकांचा. त्यांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. या कॅमेऱ्याने तालुक्यातली कितीतरी लग्ने पाहिली आहेत. काचबिंदूने नजर अधू झाल्यावर त्यांनी धंदा बंद केला, पण कॅमेरा दर दसऱ्याला पूजेत असे. तो मागायचा म्हणजे त्याचा लग्नातला जन्म संपवायचा, हे मला स्पष्ट सांगणे भाग होते.

"काका, फिल्टर काढला की यात माणसांचे फोटो पुन्हा नीट येणार नाहीत."

ते बराच वेळ पट्टा चाचपत बसले. मग म्हणाले, "माणसं पुष्कळ झाली. ने."

काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढचे काम चिकाटीचे. पृथ्वी दर चार मिनिटांना एक अंश फिरते, म्हणून दुर्बिणीच्या बैठकीचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि मोटर तिला ताऱ्यांमागोमाग हळूहळू नेते. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर. एखादे आंब्याचे झाड आडवे आले की खटाटोप वाढला. एकेक मिनिटाचे शंभर फोटो घ्यायचे. मग झाकण लावून काही निव्वळ काळे फोटो, कारण सेन्सरची स्वतःची कुरकुर मोजून वजा करावी लागते. शेवटी संगणकावर सारे एकावर एक रचायचे. शंभर फोटोंच्या सरासरीत दाणेदारपणा एकदशांश उरतो.

हे काकांना समजावताना मला वाटले होते, तासभर जाईल. पण डार्करूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला सरावाच्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. "म्हणजे एक्स्पोजर थोडं थोडं करून भरायचं," एवढेच ते म्हणाले.

माघातल्या एका रात्री विहिरीवर मोटर चालू करायला आलेल्या शेजारच्या आबांनी बॅटरी थेट दुर्बिणीवर मारली. "काय रं, काय टिपतोयस?" तो एक फोटो वाया गेला, उरलेले नव्याण्णव वाचले. आबांना पडद्यावर मेघ दाखवला. त्यांनी एकदा पडद्याकडे, एकदा आकाशाकडे पाहिले. "वर तर काय तांबडं दिसंना. रंग तू भरलास व्हय?"

प्रश्न रास्त होता. संगणकावर मी उजळपणा ताणतो, रंग गडद करतो, हे खरेच. पण तांबडे तिथून निघालेले असते. मी ते आणत नाही. आबांना हे पटले की नाही कोण जाणे, पण तेव्हापासून येताना ते बॅटरी हाताने झाकून धरतात.

चित्र मोठ्या कागदावर छापून काकांकडे नेले. आकाशातला तो ठिपका त्यांना आता दिसत नाही. कागद खिडकीशी नेऊन, डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरून त्यांनी तो कोपऱ्याकोपऱ्याने पाहिला. काकूही मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तांबडं चांगलं आलंय," काका म्हणाले. "काळा मात्र धुरकट आहे. सातारच्या बाजूचा उजेड शिरलाय. अमावास्येला पूर्वेकडं जा, आणखी दोन रात्री घे."