चार महिन्यांचे बिऱ्हाड

समुद्र ‘बंद’ होतो म्हणजे काय होते, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मृगाचे ढग दिसू लागले की मचवे वाळूवर ओढायचे, झापांनी शाकारायचे आणि नारळी पौर्णिमेचा नारळ पाण्यात पडेपर्यंत समुद्राची कुरापत काढायची नाही, हा तिकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. मुंबईहून कोकणात जाणारी आगबोटसुद्धा पूर्वी पावसाळ्यात विश्रांती घेई. माझे माहेर रत्नागिरीकडचे. त्यामुळे समुद्राचा चातुर्मास मला परका नव्हता. पण युरोपच्या दक्षिणेला हाच चातुर्मास थंडीत येतो, हे कळायला मात्र माझी साठी उलटावी लागली.

भूमध्य समुद्र उन्हाळ्यात चित्रातल्यासारखा निळा आणि कोरडा असतो. नोव्हेंबर उजाडला की त्याचा नूर पालटतो. पाऊस तिकडे हिवाळ्यात पडतो, आणि एकामागून एक वादळे पश्चिमेकडून चालून येतात. व्हेजिशियस नावाच्या रोमन लेखकाने ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद समजावा, असे सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. आता हवामानाचे अंदाज खिशातल्या फोनवर मिळतात, पण होडीत राहणारी शहाणी माणसे व्हेजिशियसचेच ऐकतात. ऑक्टोबर संपायच्या आत बंदर गाठायचे, दोरखंड बांधायचे आणि चार महिन्यांचे बिऱ्हाड थाटायचे. प्रश्न एवढाच, की कुठे?

आमची ओळख करून द्यायला हवी. आम्ही दोघे चाळीस वर्षे इंग्लंडात राहिलो. यांची नोकरी इंजिनियरची, माझी शाळेतली. निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात. यांनी छत्तीस फुटी जुनी शिडाची होडी घेतली. पुण्याच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “अगं, पण झोपता कुठे?” मी म्हटले, “वहिनी, गिरगावातल्या आपल्या खोलीत आपण आठ माणसे झोपत होतो ना? इथे दोघेच आहोत.” खरोखरच होडी म्हणजे चाळीतले बिऱ्हाड. दीड खोली, एक मोरी, दोन शेगड्या, आणि शेजाऱ्याची शिंक आपल्या घरात ऐकू येते. फरक इतकाच, की ही चाळ रात्री हलते.

२०२१ साली यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. त्यातून हे उठले, हिंडूफिरू लागले, पण डॉक्टरांनी जड ओढाताण बंद केली. होडीवर तर दोर ओढण्यावाचून दुसरे काम नसते! २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा होडीवर गेलो तेव्हा मुलाने मला एकटीला गाठून सांगितले, “आई, उन्हाळ्याचे एक वेळ ठीक आहे. पण हिवाळ्यात बाबांना काही झाले तर तू कुणाला हाक मारणार? हा एक हिवाळा नीट पार पडला तर मी पुन्हा बोलणार नाही. नाहीतर होडी विकायची.” मी हो म्हटले. त्याचे म्हणणे रास्त होते. म्हणून त्या वर्षीचा बंदराचा शोध हा केवळ स्वस्त जागेचा शोध नव्हता.

यांनी नेहमीप्रमाणे कागद घेतला आणि चार रकाने पाडले : वारा, कायदा, दवाखाना, भाडे.

वाऱ्याचा रकाना पहिला, कारण तो जिवाशी गाठ घालणारा. उन्हाळ्यात सुंदर वाटणारी बंदरे थंडीत दगा देतात. याची सर्वांत जुनी कथा बायबलात आहे. कैदी म्हणून रोमला नेला जाणारा सेंट पॉल ज्या गलबतात होता, ते क्रीट बेटाच्या दक्षिणेला एका बंदरात थांबले. हिवाळा तोंडावर आला होता. पॉल म्हणाला, पुढे जाऊ नका. पण ते बंदर हिवाळ्याला सोयीचे नव्हते, आणि जवळच फिनिक्स नावाचे अधिक चांगले बंदर होते. तांडेलाचे आणि मालकाचे ऐकून गलबत निघाले, वादळात सापडले, आणि चौदा दिवस भरकटून माल्टाच्या किनाऱ्यावर फुटले. दोनशे शहात्तर माणसे होती. सगळी वाचली, आणि तीन महिने माल्टातच राहिली. हिवाळ्याचे बंदर त्यांनी निवडले नाही, बंदरानेच त्यांना निवडले. हे यांना सांगितले तेव्हा हे म्हणाले, “त्यांच्याजवळ रकाने नव्हते!”

रकान्यांनी निम्मा नकाशा झटक्यात पुसला गेला. फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून मिस्ट्राल सुटतो आणि दिवसचे दिवस थांबत नाही. एड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावर बोरा नावाचा थंडगार वारा डोंगरावरून कोसळतो. ग्रीसच्या पश्चिमेची आयोनियन बेटे मला फार आवडतात, पण २०२० च्या सप्टेंबरात इआनोस नावाचे चक्रीवादळ तिथे येऊन अनेक होड्या किनाऱ्यावर फेकून गेले होते. ती आठवण यांच्या मनातून जाईना.

दुसरा रकाना कायद्याचा. वाऱ्याचा अंदाज बांधता येतो, पण सरकारी कागदांपुढे शीड उतरवावेच लागते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे २०२१ पासून आमच्यासारख्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना शेंगेन देशांत कोणत्याही एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येते. भारतीय पासपोर्टवर साधा पर्यटक व्हिसा काढला तरी मर्यादा तीच. स्पेन, फ्रान्स, इटली, ग्रीस, माल्टा हे सगळे त्यात आले. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियाही आला. चार महिन्यांचे दिवस होतात एकशेवीस. ते नव्वदात कसे बसवायचे? दीर्घ मुदतीचा निराळा व्हिसा काढला तर गोष्ट वेगळी. गंमत अशी की होडीला मात्र अठरा महिने मुभा असते. होडी राहू शकते, मालकाने जायचे! सिसिलीतल्या मरिना दि रागुझा या बंदराची आम्ही फार स्तुती ऐकली होती. तिथे हिवाळ्यात होडीवाल्यांचा मोठा गोतावळा जमतो. पण नव्वदाच्या आकड्याने ते नाव खोडावे लागले.

उरले ट्युनिशिया आणि तुर्कस्तान. मोनास्तीरला पाऊस कमी, भाडे कमी आणि खजूर अव्वल. पण आम्ही होतो तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, आणि तिथून मोनास्तीर नऊशे सागरी मैलांहून लांब. सप्टेंबरात, नुकत्या दुरुस्त झालेल्या हृदयानिशी, एवढी मजल मारायला मी तयार नव्हते. शिवाय यांना दुखते कुठे, हे फ्रेंचमधून सांगण्याचा प्रसंग मला नको होता.

तुर्कस्तानात यांचा कल मार्मारिसकडे. बंदर कसले, तो डोंगरांनी वेढलेला तलावच! सुलतान सुलेमानाने १५२२ साली ऱ्होड्सवर स्वारी केली तेव्हा त्याचे सैन्य इथूनच गेले. यांच्या चारही रकान्यांत तिथे बरोबरच्या खुणा पडल्या. मी म्हटले, “अहो, पाचवा रकाना राहिला.”

“कोणता?”

“माणसांचा.”

मरीना ही उन्हाळ्यात जत्रा असते. थंडीत तिची सुटी लागलेली शाळा होते. शेकडो होड्या ओळीने उभ्या असतात, पण त्यांचे मालक लंडन-बर्लिनमध्ये शेगडीशी पाय शेकत बसलेले असतात. डोलकाठ्यांच्या त्या रानात राहणारी माणसे किती, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. ते पाहण्याची माझी एक साधी युक्ती आहे. हंगाम सरत आल्यावर त्या गावी बसने जायचे, काळोख पडू द्यायचा, आणि धक्क्यावरून चालत दिवे मोजायचे. ज्या होडीच्या खिडकीत दिवा, तिथे माणूस. फोडणीचा वास आला तर दुप्पट गुण!

मार्मारिसला ज्या धक्क्यावर जागा मिळत होती, तिथे मी सात दिवे मोजले, तेही एकमेकांपासून लांब लांब. मग काश या गावी होडी ठेवून आम्ही मिनीबसने फिनिकेला गेलो. फिनिके हे संत्र्यांचे गाव. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत जिकडे पाहावे तिकडे संत्र्यांच्या बागा. वाटेत देम्रे लागते, म्हणजे प्राचीन मायरा. पॉलने ते अभागी गलबत पकडले ते इथेच. आणि खलाशांचा पाठीराखा संत निकोलस, ज्याचा पुढे मुलांचा सांताक्लॉज झाला, तो इथलाच बिशप. मरीना गावाला अगदी लागून. भाजीबाजार पायी, सरकारी दवाखाना गावातच, आणि अंतल्याची मोठी इस्पितळे बसने दोन-अडीच तासांवर. संध्याकाळी मी एकाच धक्क्यावर एकोणीस दिवे मोजले. एका होडीतून कांदा परतल्याचा वास येत होता. मी यांना म्हटले, “इथेच.” रहिवासी परवान्यासाठी कागदांची चळत जोडावी लागली, पण तो मिळाला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोरखंड बांधले, आणि १२ तारखेला लक्ष्मीपूजन आले. व्हेजिशियसचा समुद्र ११ ला बंद आणि १२ ला दिवाळी! समुद्रावर असताना उकळत्या तेलाची कढई हे धाडस आहे. बंदरात बांधलेल्या होडीतच ती चढवता येते. काचेच्या बरण्यांत पणत्या ठेवल्या, चकल्या तळल्या, आणि साऱ्या धक्क्याला बोलावले. एक जर्मन बाई आल्या, एक डच जोडपे आले, मरीनाचा रात्रीचा तुर्की पहारेकरी आला. त्याला मी ‘साबण’, ‘हवा’, ‘दुकान’, ‘बाजार’, ‘मैदान’, ‘हिशेब’ असे शब्द म्हणून दाखवले. तोही तेच शब्द म्हणत होता, जरा वेगळ्या तोंडाने. यांना बाहेर चकल्या वाढायला पाठवून मी मंडळींना यांच्या शस्त्रक्रियेचे सांगितले. यांना असली वाच्यता खपत नाही. पण चाळीत राहायचे तर शेजाऱ्याला घरातले दुखणे ठाऊक असलेले बरे.

होडीतला हिवाळा म्हणजे नुसते संत्री खाणे नव्हे. बाहेरच्या थंडीने आतला श्वास खिडक्यांवर पाणी होऊन ठिबकतो. भात शिजवला की छत रडू लागते. गाद्या दर दोन दिवसांनी उभ्या कराव्या लागतात, नाहीतर खाली बुरशी धरते. ओलावा शोषणारे यंत्र दिवसरात्र घुमत असते आणि त्याचे तांब्याभर पाणी रोज ओतावे लागते. तिकडे डोंगरांवर बर्फ, इकडे झाडांवर संत्री. पाहुण्याला हे दृश्य मोठे रम्य, पण त्याच डोंगरांवरून वारा उतरतो.

जानेवारीतल्या एका रात्री तो उतरला. दोनच्या सुमाराला होडी अशी कलली की शेल्फावरचे डबे खाली आले. वर एक दोर धक्क्याला घासून करकरत होता. तो तुटला तर शेजारच्या होडीवर आदळणार, हे उघड होते. हे उठून बूट चढवू लागले. मी शिडीवर आडवी उभी राहिले. “अहो, तुम्ही जायचे नाही.”

“मग कोण जाणार?”

त्याचे उत्तर मला द्यावे लागले नाही. वर पावले वाजली. डच गृहस्थ आमच्या दोराला दुसरा दोर जोडत होते, पहारेकरी तो धक्क्यावर खेचत होता, आणि सत्तरीच्या त्या जर्मन बाई रात्रीच्या झग्यावर रेनकोट चढवून फेंडर खाली सोडत होत्या. यांना त्यांनी एकच काम दिले : विजेरी धरण्याचे. हे ती तासभर धरून उभे राहिले. सकाळी मी सगळ्यांना कांदेपोहे केले. कालच्या रात्रीबद्दल कुणी फारसे बोलले नाही.

मार्चअखेर मुलगा चार दिवसांसाठी आला. धक्क्यावर पाऊल ठेवताच पहारेकऱ्याने त्याच्या हातातली बॅग घेतली आणि आमच्या होडीकडे बोट दाखवले. चार दिवस त्याने वडिलांना दोन वेळा चालताना पाहिले, बुद्धिबळात डच माणसाकडून हरताना पाहिले, जर्मन बाईंशी औषधांच्या वेळांवरून वाद घालताना पाहिले. होडी विकण्याचा विषय त्याने काढला नाही. निघताना मला म्हणाला, “आई, पुढच्या हिवाळ्यात कुठे, ते वेळेवर कळव.”

यांच्या कागदावर आता पाच रकाने असतात. पहिले चार हे भरतात. पाचव्यात दिव्यांचा आकडा असतो, आणि तो मी स्वतः धक्क्यावरून चालून आल्याशिवाय लिहू देत नाही.