आगोटीतल्या वहाणा

आगोटीची कामं निघाली की आपट्याच्या घरात लाकडं, पापड, सुकी मासळी यांच्या जोडीला माझं एक वेगळंच काम असतं. आजोबांच्या कोल्हापुरी वहाणांना तेल द्यायचं. आपटा हे पाताळगंगेकाठचं गाव, मृग लागला की कपाटातल्या पुस्तकांवरसुद्धा बुरशी चढते. कमावताना वापरलेला बाभळीची साल आणि हिरडा यांचा तुरट अर्क कातडं सडू देत नाही, पण बुरशीपुढे त्याचं फारसं चालत नाही. तिला ओल आणि थोडी स्निग्धता मिळाली की झालं.

अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीची शिवण. म्हणून आधी वादी बघायची. मग कोरड्या ब्रशने धूळ काढायची, ओलसर फडकं फिरवायचं आणि सावलीत वाळवायचं. ऊन नको; उन्हाने कातडं ताठरतं, कान वाकडे होतात. तेल एरंडेल, तेही फडक्यावर दोनच थेंब. जास्त दिलं की पट्टा लोळागोळा.

आजी खोबरेल लावायची. ते चटकन मुरतं खरं, पण पंचवीस अंशांखाली गोठतं. पौषातल्या सकाळी पट्ट्यावर पांढरं दिसलं की ती बुरशी समजून हळहळायची. तळहाताच्या उबेने विरघळलं तर खोबरेल. पुसताना कुबट वास आला तर बुरशी.

अंगठ्याखालचा काळपट खळगा मी घासत नाही. त्यावर पॉलिश फासणं मला अपराधच वाटतो. पावसात आजोबा या वहाणा काखेत मारून अनवाणी स्टेशन गाठत. हल्ली लोक तिथं ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या शेवटाची जागा बघायला येतात.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर तशाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. ओरड झाल्यावर मूळ मान्य केलं. तेव्हापासून चुलतभाऊ मागे लागलाय, वहाणा काचेच्या पेटीत ठेवू म्हणून. मी नाही म्हटलं. दसऱ्याला मी त्या घालतो. एरवी जुन्या धोतरात गुंडाळतो, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. आत ओल कोंडते.

यंदा डाव्या वहाणेची वादी चिरलीय. पनवेलचा मोची नायलॉनच्या दोऱ्याने शिवून देतो म्हणाला. नको म्हटलं. पावसाळा संपल्यावर कोल्हापूरला जाणारं कुणी भेटलं की त्याच्याबरोबर धाडीन.