उरूस नसताना

आम्ही दोघेही कळमनुरीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दोघांचेही बी.एड. झालेले. अकरा वर्षे मुलांना वेरूळबद्दल शिकवत आलो, पण वेरूळ पाहिलेले नव्हते. खुल्दाबादला मात्र लहानपणी आपापल्या अब्बांचे बोट धरून गेलो होतो, तेही उरसात. पाळणे आणि मिठाईची दुकाने तेवढी लक्षात राहिली. दर्गा आठवत नव्हता.

यंदा नववीच्या मुलींची सहल वेरूळ-खुल्दाबादला न्यायचे ठरले. पालकसभेत एक गृहस्थ उभे राहिले. "सर, बुतांची लेणी दाखवून आमच्या मुलींना काय शिकवणार?" आम्ही गप्प बसलो. "पुस्तकात आहे म्हणून" हे काही उत्तर नव्हे. घरी अम्मींचे वेगळेच. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, नागपुरात हिंसाचार झाला, तेव्हापासून खुल्दाबादचे नाव काढले की त्या म्हणत, "बेटा, अभी वहाँ मत जाओ." एकाला लेणी नकोत, दुसऱ्याला दर्ग्याची वाट नको. मग मुलींनी जायचे कुठे? त्यांतल्या कित्येकींनी हिंगोली-नांदेडच्या पलीकडचे काही पाहिलेले नाही. शेवटी ठरवले, आधी आपणच जाऊन पाहू.

जानेवारीत दोन किरकोळ रजा टाकल्या. मंगळवारी वेरूळ बंद असते, म्हणून बुधवार धरला. एस.टी.त एक तिकीट पूर्ण, एक अर्धे. हिंगोली, औंढा, जिंतूर, जालना असा रस्ता. काचेबाहेर धुके, कणसावर आलेली जवारी, वेचून संपत आलेला कापूस. मुक्काम औरंगाबादेत, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, मावशीकडे. सकाळी दौलताबादच्या रस्त्यावर जाम घेतले, ज्यांना मराठीत पेरू म्हणतात, आणि वेरूळला उतरलो.

कैलास लेण्यापाशी थोडे लोक होते. दक्षिणेकडच्या बौद्ध लेण्यांकडे वळलो तर कोणीच नाही. सहाव्या ते आठव्या शतकात कोरलेली ही बारा लेणी. त्यांतले दहावे चैत्यगृह सोडले तर बाकीची बहुतेक विहार, म्हणजे भिक्खूंची राहण्याची जागा. इतकी वर्षे आम्ही 'विहार' हा शब्द फळ्यावर लिहीत होतो, तेव्हा डोळ्यांसमोर मूर्ती यायच्या. इथे आधी दिसल्या त्या खोल्या. एका माणसाने पाठ टेकावी एवढ्याच.

पाचवे लेणे सुमारे ११७ फूट लांब आहे. मधोमध दगडाचे दोन लांब, बुटके बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले. भिक्खू इथे ओळीने बसून जेवत असावेत किंवा पोथ्या वाचत असावेत, असे अभ्यासक म्हणतात. आम्ही समोरासमोर जमिनीवर बसलो. दगड थंडगार होता. थोड्या वेळाने दोघांच्याही तोंडून एकदमच निघाले, "मदरशातली तिपाई!" लहानपणी अशाच लांब बुटक्या फळीवर सिपारा ठेवून आम्ही डोलत सबक पाठ केला होता.

बाहेर चौकीदार ऊन खात बसले होते. गाव विचारले. कळमनुरी म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे नामदेवाच्या नर्सीकडचे." मग म्हणाले, "पावसाळ्यात धबधब्याला लोटतात माणसं. बघायचं असेल तर असं सुनंच यावं."

तिथून घाट चढून चार-पाच किलोमीटरवर खुल्दाबाद. उरूस नव्हता. हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याचे अंगण रिकामे होते. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे हे मुरीद. १३३७ साली त्यांची वफात झाली. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला त्यांचेच नाव आहे. मजारवर जाण्याविषयी आपल्यात मतभेद आहेत, ते इथे काढत नाही. आम्ही फातेहा पढून कोपऱ्यात बसलो. एक म्हातारे खादिम आले. नाव नाही, गाव नाही, पहिला सवाल एकच: "खाना खाए क्या?" त्यांच्या डब्यात जवारीची भाकरी आणि वांगे होते. तिघांत वाटले गेले.

आलेली भेट उद्यासाठी राखायची नाही, आजच वाटून टाकायची, हा चिश्ती बुजुर्गांचा दस्तूर आम्ही वाचला होता. त्या दिवशी तो खाल्ला. खानकाह म्हणजे काय, हे उरसाच्या गर्दीत कधी कळले नसते.

हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. तिथे बंदोबस्त होता. कबर साधी, वर छत नाही. ज्याच्या नावाने इतके रान पेटले त्याने आपल्यासाठी एवढीच माती मागितली होती, हे पाहून आम्ही न बोलता परतलो.

भिक्खू आणि दरवेश यांचा अकीदा एक होता, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. तो एक नव्हताच. पण इल्मसाठी घर सोडून आलेल्याला बसायला जागा द्यावी, हे दोघांनाही कळत होते. त्यांनी डोंगर पोखरून ती दिली, यांनी आपल्या वाट्याची भाकरी मोडून दिली. आम्ही तर पगार घेऊन शिकवतो.

रविवारी त्या पालकांच्या घरी गेलो. बुतांवर वाद घातला नाही. पाचव्या लेण्यातल्या बाकांचे सांगितले, वांग्याचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "जुहरची नमाज कुठे होईल?"

"खुल्दाबादला. बस तिथे थांबेल."

त्यांनी संमतीपत्रावर सही केली. आणखी दोन घरांतून सह्या यायच्या आहेत. अम्मी मात्र आता विचारतात, "बसमध्ये एक जागा उरेल का रे?"