परीक्षेच्या तोंडावर पोट दुखते तेव्हा

जानेवारी सरत आला की आमच्या वस्तीतल्या डॉक्टरांकडे एक वेगळीच गर्दी दिसू लागते. कुणाचे पोट दुखते, कुणाचे डोके, कुणाला सकाळी डबा पाहिला की मळमळते. एका मुलीची पाळी दोन महिने आलीच नाही, म्हणून तिची आई रडकुंडीला आली होती. डॉक्टर तपासतात, ताप नाही, कावीळ नाही, काही सापडत नाही. मग घरी एक शब्द तयारच असतो: नाटक. अभ्यास नको म्हणून पोरगं नाटक करतंय.

वाचकहो, हे नाटक नव्हे. भीती वाटली की आपल्या शरीरात अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये वाढतात. छातीत धडधडते, हातापायांत रक्त धावते, पचन मंदावते. कुत्रा अंगावर आला तर पळायला ही व्यवस्था फार उपयोगी. पण कुत्रा दोन मिनिटांत निघून जातो. दहावी मात्र वर्षभर दारात बसून असते, आणि शरीर वर्षभर पळण्याच्या तयारीत राहते. त्यातून पोट बिघडते, झोप उडते, पाळी पुढे जाते, वाचलेले डोक्यात राहत नाही. थोडा ताण अभ्यासाला लावतो हे खरे, पण तो उतरायला जागा नसेल तर तोच ताण अभ्यास खातो. शिवाय या वयात भावना उसळवणारा मेंदूचा भाग जोरात असतो, आणि सारासार विचार करून त्याला आवरणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत वाढतच असतो. म्हणून पंधरा वर्षांच्या पोराला एका पेपरात आयुष्य संपल्यासारखे वाटते. त्याला खरोखरच तसे वाटत असते.

आम्ही दिवसा कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी विहारातल्या अभ्यासिकेच्या किल्ल्या सांभाळतो. मुंबईतल्या वस्त्यांत जसे असते तसेच इथेही आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे, टीव्ही, शिलाई मशीन आणि पाण्याची पिंपे. घरात पाठ टेकायला जागा नाही, म्हणून मुले अभ्यासिकेत येतात. गेल्या वर्षी एक मुलगा रोज येई, पण त्याच्या बीजगणिताच्या पुस्तकाचे तेच पान उघडे दिसे. चौथ्या दिवशी आम्ही त्याला चहाला बाहेर नेले. अभ्यासाचे काही विचारले नाही. बराच वेळाने तो म्हणाला, "काका, पप्पा बारा-बारा तासांची ड्यूटी करतात. रोज म्हणतात, तुझ्यासाठीच मरतोय. मला पुस्तक उघडलं की पप्पाच दिसतात."

त्याचे वडील वाईट नाहीत. ठेकेदाराकडे वॉचमन आहेत, पोरावर जीव आहे. आपल्या लोकांजवळ शेती नव्हती, दुकान नव्हते, ओळखी नव्हत्या. जे मिळाले ते शिक्षणाने मिळाले. म्हणून दहावीचा निकाल आपल्या घरात एका मुलाचा नसतो. त्यात आजीची मजुरी असते, आईने चार घरी केलेली धुणीभांडी असतात, गावाकडच्या काकांचे लक्ष असते. ही भीती खरी आहे आणि तिला कारण आहे. पण ती मोठ्या माणसांची भीती आहे. ती पंधरा वर्षांच्या पोराच्या दप्तरात भरायची का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

यात आपण आणखी एक गोष्ट करतो. थोडे कडू बोलतो, राग मानू नये. आपण मुलांना बाबासाहेबांचा धाक घालतो. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुला दोन तास बसवत नाही?" जयंतीच्या सुमारास ठिकठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. एक दिवस मानवंदना म्हणून तो फार चांगला, आम्हीही त्यात चहा-पाण्याला उभे असतो. पण रोजच्या आसुडासारखा तो वापरू नये. आणि गोष्ट सांगायचीच तर पुरी सांगावी. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. रामजीबाबा काय करीत? भीमाला रात्री लवकर झोपवीत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवून त्याच्या जागेवर आपण अंग टाकीत. आपण पहाटे दोनचे उठणे तेवढे सांगतो. मुलगा आधी झोपला होता आणि बापाने त्याला जागा करून दिली होती, हे सांगत नाही.

आणखी ऐका. १९०७ साली बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आम्ही बी.कॉम., टक्केवारी काढल्याशिवाय राहवत नाही: साडेसदतीस टक्के. आज एवढे गुण घेऊन मुलगा घरी आला तर आपण पेढा वाटू का? त्या वेळी मात्र सभा भरली होती, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. अस्पृश्याचा मुलगा मॅट्रिक होणे हीच तेव्हा मोठी गोष्ट होती हे खरेच. तरीही पुढच्या सहा वर्षांत तो कोलंबिया विद्यापीठात पोहोचला.

गुण म्हणजे काय, याचा अलीकडचा दाखलाही घ्या. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात महाराष्ट्राची मुले मठ्ठ झाली काय? भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेकडून मिळणारे २० गुण त्या वर्षी काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत दिले आणि निकाल पुन्हा वर गेला. नियम हलला की निकाल हलतो. ज्या घरात हे माहीत नसते, तिथे २०१९ सालच्या मुलाने मार खाल्ला असेल.

त्या मुलाशी आम्ही धीराचे शब्द फार बोललो नाही. कागद घेऊन बसलो. एक-दोन विषय राहिले तर काय? एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते, वर्ष फुकट जातेच असे नाही. शाळा सुटलेलीच असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापासही चालते. पस्तीस टक्के पडले तरी डिप्लोमाला अर्ज करता येतो, आणि तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कागद भरत गेला तसा तो पुढे सरकून बसला. नंतर म्हणाला, "हे पप्पांना सांगाल?" आम्ही रविवारी गेलो. वडील गप्प ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "मला वाटलं होतं, एकदा गेला की गेलाच." बापाला ही माहिती नव्हती, म्हणून बाप घाबरला होता आणि बापाची भीती पोराच्या पोटात शिरली होती.

झोपेबद्दल घरोघरी भांडण असते. वयात आले की झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा तयार होऊ लागते, त्यामुळे मूल अकराला टक्क जागे आणि सकाळी उठता उठत नाही. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते तेही झोपेतच. तेव्हा पेपरच्या आदल्या रात्री जागवून काही साधत नाही. मोबाईलचे मात्र आम्ही कडक आहोत. झोपायच्या आधी तासभर घरातले सगळेच मोबाईल एका डब्यात. वडिलांचासुद्धा. नाहीतर डब्याला अर्थ नाही.

मुलींचे वेगळे. नळाला पाणी पहाटे येते, ते तिने भरायचे. धाकट्याचे तिने पाहायचे. आणि दहावीला कमी पडले तर तिच्यापुढे पुरवणी परीक्षा नसते, स्थळ असते. त्या भीतीने ती पाठांतर करते. आमच्या महिला मंडळाने परीक्षेच्या दोन महिन्यांत दहावीच्या मुलींचे पाणी भरणे बंद केले, भाऊ भरतात. सुरुवातीला काही घरांत कुरकुर झाली. आता भावांनाही सवय झाली आहे.

दहावी पार झाली म्हणजे ताण संपला असेही नाही. अकरावीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शेजारचा विचारतो, "तुला कितीवर मिळाली अॅडमिशन?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या मागे काय आहे ते आपल्या पोरांना बरोबर कळते. आडनाव सांगताना आवाज खाली जातो. ही गोष्ट मुले घरी सांगत नाहीत, कारण आई-बापाला वाईट वाटेल. ती आपणच आधी काढावी. असे विचारले तर काय उत्तर द्यायचे, हे घरात बोललेले असले की मूल वर्गात एकटे पडत नाही.

आता एक महत्त्वाचे. मूल आठ-पंधरा दिवस जेवत नसेल, मित्रांना तोडत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, "मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं" असे हसत का होईना बोलत असेल, तर ते थट्टेवारी नेऊ नये. जवळ बसून सरळ विचारावे, "तुझ्या मनात जीव द्यायचे येते का?" विचारल्याने ते डोक्यात शिरते अशी समजूत आहे, ती खोटी आहे. उलट विचारल्याने मन मोकळे होते. मग त्याला एकटे ठेवू नये आणि सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. तिथे जाणारा वेडा असतो, असे शेजारी म्हणतील. म्हणोत.

ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा सुरू आहे. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हाही आहे. हे दोन्ही नंबर आम्ही अभ्यासिकेच्या फळ्यावर कोपऱ्यात खडूने लिहिले होते. गणित सोडवताना कुणीतरी पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. मागच्या महिन्यात एका पेंटरकाकांनी ते दाराशेजारच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने मोठे काढून दिले, पैसे घेतले नाहीत.